मुलाखतीच्या मेजापाशी

नवी दिल्लीतील शाहजहान मार्गावर धोलपूर हाऊस नावाची एक ऐसपैस वास्तू आहे. एके काळी धोलपूरच्या संस्थानिकांचे निवासस्थान असलेल्या ह्या वास्तूत आज संघ लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे. वर्षातून काही महिने देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण आणि तरुणी रोज सकाळी व दुपारी येथे जमतात. हातात मूळ प्रमाणपत्रांची पिशवी, अंगावर बहुधा नवेच शिवलेले कपडे, आणि चेहऱ्यावर लपवू म्हणता न लपणारी धास्ती. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा ही दोन अवघड वळणे पार करून ते आलेले असतात. उरलेली असते ती अर्ध्या तासाच्या आसपासची एक भेट. आयोगाच्या परिभाषेत तिला ‘व्यक्तिमत्त्व-चाचणी’ म्हणतात. आपण सारे तिला मुलाखत म्हणतो.

नागरी सेवा परीक्षेच्या अंतिम गुणवत्तायादीसाठी २०१३ पासून एकूण २०२५ गुण धरले जातात. त्यांपैकी १७५० गुण लेखी परीक्षेचे आणि २७५ मुलाखतीचे. म्हणजे मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांहून किंचित अधिक. हा आकडा वरवर पाहता लहान वाटेल. परंतु लेखी परीक्षेतून वर आलेल्या उमेदवारांच्या गुणांत फारसे अंतर नसते. जागांच्या सुमारे दुप्पट उमेदवार मुलाखतीला बोलावले जातात. आणि यादीतील दहा-वीस गुणांच्या फरकावर एखाद्याला कोणती सेवा मिळेल, किंबहुना मुळात मिळेल की नाही, हे ठरते. काही वर्षांच्या अभ्यासाचे फलित अशा रीतीने अर्ध्या तासाच्या संभाषणावर येऊन टेकते. ह्या अर्ध्या तासात नेमके काय पाहिले जाते, त्यासाठी तयारी करता येते काय, आणि येत असेल तर कशाची, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा, अशी बहुतेकांची कल्पना असते. त्यामुळे मुलाखतीचे पत्र हाती पडताच उमेदवार पुन्हा वार्षिकी उघडतो, राजधान्या, नद्या, निर्देशांक आणि समित्यांची नावे घोकू लागतो. वास्तविक आयोगाने आपल्या नियमांत ह्या बाबतीत कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही. ज्ञानाची परीक्षा लेखी उत्तरपत्रिकांतून झालेली आहे, ती पुन्हा घ्यावयाची नाही. उलटतपासणीही करावयाची नाही. स्वाभाविक परंतु हेतुपूर्वक वळण दिलेल्या संभाषणातून उमेदवाराचे मानसिक गुण जाणून घ्यावयाचे आहेत, असा त्या नियमांचा आशय आहे. कोणते गुण? मनाची तरतरी, समोर आलेली गोष्ट चिकित्सापूर्वक समजून घेण्याची शक्ती, स्पष्ट आणि तर्कशुद्ध मांडणी, समतोल निर्णयबुद्धी, आवडीनिवडींची विविधता व खोली, माणसांना एकत्र आणण्याची आणि त्यांचे नेतृत्व करण्याची कुवत, आणि बौद्धिक व नैतिक सचोटी. ह्या यादीत ‘माहिती’ हा शब्द कोठेही नाही, ही गोष्ट उमेदवाराने ध्यानात ठेवावी.

मेजाच्या पलीकडे साधारणतः पाच व्यक्ती असतात. आयोगाचा एक सदस्य अध्यक्षस्थानी असतो आणि इतर चौघे निरनिराळ्या क्षेत्रांतील जाणकार असतात: एखादे निवृत्त प्रशासक, एखादे प्राध्यापक, एखादे शास्त्रज्ञ. उमेदवाराला लेखी परीक्षेत किती गुण पडले आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. उमेदवार कोणत्या मंडळाकडे जाणार, हेही आधी कोणाला कळू दिले जात नाही. मंडळापुढे उमेदवाराविषयी जो कागद असतो तो एकच, आणि तो दुसऱ्या कोणी लिहिलेला नसून उमेदवाराने स्वतः भरलेला असतो.

हा कागद म्हणजे मुख्य परीक्षेच्या वेळचा सविस्तर अर्ज. जन्मस्थान, शिक्षण, पदवीचे विषय, नोकरी केली असल्यास तिचा तपशील, मिळालेली बक्षिसे, खेळ, छंद, सेवांचा आणि राज्यांचा पसंतिक्रम हे सारे त्यात असते. मुलाखतीतील प्रश्नांचा मोठा भाग ह्या अर्जातूनच उगवतो. तेव्हा मुलाखतीची तयारी खऱ्या अर्थाने सुरू होते ती अर्ज भरताना. पत्र आल्यानंतर नव्हे. पुष्कळ उमेदवार छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ असे लिहून मोकळे होतात. काहीतरी लिहायचे म्हणून लिहिलेला हा शब्द पुढे त्यांच्यावरच उलटतो. अलीकडे काय वाचलेत, असे कोणी विचारले की गेल्या दोन वर्षांत परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे काहीच वाचलेले नाही हे उघड होते. आणि मग प्रश्न वाचनाचा राहत नाही, तो सचोटीचा होतो. त्यापेक्षा ज्याने ‘गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो’ असे लिहिले आणि पखवाज व तबला ह्यांतील फरक दोन वाक्यांत समजावून सांगितला, त्याचे काम कितीतरी सोपे झाले. छंद प्रतिष्ठित असण्याची गरज नाही. तो आपला असावा, एवढे पुरे.

जन्मस्थानाचेही तसेच आहे. आपण जेथे वाढलो ते गाव वा तो जिल्हा आपल्याला माहीत आहे, असे प्रत्येकालाच वाटते. आणि नेमके तेथेच उमेदवार अडखळतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी उमेदवार झारखंडातील धनबाद जिल्ह्याची आहे आणि तिचे बालपण झरियाच्या कोळसापट्ट्यात गेले आहे. मंडळातील कोणी तरी विचारणारच, की झरियाखालची आग अजून विझली का नाही? ह्या प्रश्नाला तीन पातळ्यांवर उत्तर देता येते. पहिली पातळी माहितीची: १९१६ पासून ही आग नोंदलेली आहे, खाणी खाजगी मालकांकडे असताना कोळसा काढून झालेल्या पोकळ्या नीट न भरता तशाच सोडल्या गेल्या, त्यांतून हवा खेळली आणि आग पसरली, १९७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी प्रश्न संपला नाही, २००९ मध्ये पुनर्वसनाच्या बृहत् आराखड्याला मान्यता मिळाली. येथवर कोणतीही वार्षिकी तिला मदत करील. दुसरी पातळी कारणांची: जमीन धुमसते आहे, भिंतींना तडे जात आहेत, तरी लोक नव्या वसाहतीत जायला का तयार होत नाहीत? कारण बेलगडियाच्या घरात छप्पर मिळेल, पण रोजगार झरियातच राहील. हे तिला पुस्तकापेक्षा शेजाऱ्यांच्या बोलण्यातून अधिक कळलेले असणार. आणि तिसरी पातळी निर्णयाची: तुम्ही तेथील जिल्हाधिकारी असता तर काय केले असते? येथे तयार उत्तर कामाला येत नाही. सक्तीने हलवावे तर माणसांची उपजीविका जाते. न हलवावे तर जीव जातो. ह्या दोहोंतील ताण ओळखून, आधी कोणाला हलवाल आणि त्यांना काय द्याल, हे ती क्रमाने सांगू लागली की मंडळाला हवे ते दिसू लागते. तिचा निर्णय त्यांना पटला पाहिजे असे मुळीच नाही. तो कसा घेतला जात आहे, हे ते पाहत असतात.

अशी तयारी सहा आठवड्यांत पाठांतराने होत नाही. परंतु सहा आठवड्यांत पुष्कळशी आठवता येते, जुळवता येते. आपल्या अर्जाची एक प्रत समोर ठेवून प्रत्येक ओळीवर दुसऱ्या कोणाला प्रश्न विचारायला सांगावे. तो मित्र स्पर्धक नसला तर अधिक बरे. गावातील शिक्षक, एखादी वडीलधारी आत्या, बँकेतील शेजारी, असे कोणीही चालेल. आपल्या विषयातले काही न कळणारा माणूस जो भाबडा प्रश्न विचारतो, तोच बहुधा मंडळातही विचारला जातो. स्थापत्य अभियंत्याला कोणी विचारील, की पूल बांधता येत असताना तुम्ही फायली हाताळायला का येता? ह्या प्रश्नाने रागावण्यासारखे काही नाही. सरकारने त्याच्या शिक्षणावर खर्च केला आहे, आणि प्रश्न रास्त आहे.

‘नागरी सेवेत का यावेसे वाटते?’ हा प्रश्न ह्याच जातीचा. देशसेवेची, दीनदुबळ्यांच्या कैवाराची, लहानपणी पाहिलेल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या रुबाबाची उत्तरे मंडळाने एकेका दिवसात किती ऐकली असतील ह्याची कल्पना करावी. त्यांत खोटे असतेच असे नाही. पण घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांतून बोलणाऱ्याचे मन दिसत नाही. आपल्या आईचे निवृत्तिवेतन दोन वर्षे अडकून पडले होते आणि एका कारकुनाने जागचे उठून एक फाईल शोधल्यावर ते सुटले, ही साधी हकीकत खरी असेल तर तिचे मोल मोठ्या शब्दांहून अधिक आहे. शिकवणीवर्गांतून मुलाखतीच्या रंगीत तालमी घेतल्या जातात. त्यांचा एक उपयोग निश्चित आहे: अनोळखी पाच माणसांसमोर बोलण्याची सवय होते. मात्र पाच-सहा तालमींनंतर उमेदवाराचे स्वतःचे बोलणे हरवते आणि सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे बोलू लागतात, हा धोका मला लाभापेक्षा मोठा वाटतो. दोन तालमी पुरेत.

उत्तर ठाऊक नसेल तर? ‘मला हे माहीत नाही’ ही कबुली मुलाखतीत जितक्या वेळा द्यावी लागेल तितकी आपली नौका बुडत जाईल, अशी उमेदवाराची समजूत असते. ती चुकीची आहे. वर दिलेली गुणांची यादी पुन्हा पाहावी. सचोटी तीत स्पष्टपणे नोंदलेली आहे. अधिकारपदावर बसलेल्या माणसाने ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचे भासविले तर त्याची किंमत इतरांना मोजावी लागते, हे मंडळातील अनुभवी प्रशासकांना सांगावे लागत नाही. तेव्हा सरळ, न ओशाळता नकार द्यावा. अंदाज बांधता येण्याजोगा असेल तर तो अंदाज आहे असे सांगून, परवानगी घेऊन मांडावा. परंतु प्रत्येक प्रश्नावर नकार देणे हेही सौजन्य नव्हे. जो विषय तुम्ही पदवीला घेतलात, ज्या जिल्ह्यात राहिलात, त्याबाबत अज्ञान क्षम्य मानले जाईल ही अपेक्षा करू नये.

वादग्रस्त विषयांवर मत विचारले गेले तर पुष्कळ जण दोन्ही बाजूंचे थोडे थोडे सांगून मधोमध उभे राहतात आणि ह्यालाच समतोल म्हणतात. समतोल निर्णय म्हणजे निर्णयच न घेणे नव्हे. दोन्ही बाजूंची सर्वांत बळकट कारणे मांडून मग आपण कोणत्या बाजूला आणि का, हे सांगावे. एखाद्या सदस्याने मुद्दाम विरुद्ध बाजू घेतली आणि त्याचा मुद्दा खरोखरच पटला, तर तसे म्हणावे. न पटला तर आवाज न चढविता आपल्या जागी राहावे. सदस्याचा रोख पाहून तिसऱ्या वाक्याला मत फिरवणारा उमेदवार कोणालाच आवडत नाही. ज्याच्या बाजूला तो वळला त्यालाही नाही.

पोशाख, बसणे-उठणे ह्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कपडे स्वच्छ, हवामानाला साजेसे, आणि एकदा तरी आधी घातलेले असावेत. नवा बूट चावतो आणि चावणाऱ्या बुटासह झरियाची आग विझवणे कठीण जाते.

भाषेच्या प्रश्नाकडे मात्र अधिक लक्ष दिले पाहिजे, कारण आपल्या देशात अनेक गुणी उमेदवार येथेच खचतात. १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७६ मध्ये आपला अहवाल दिला आणि १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची नवी रचना अमलात आली. त्या रचनेने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांची दारे मुख्य परीक्षेसाठी उघडली. लेखी परीक्षा मराठीत, तमिळमध्ये वा उडियात देणाऱ्या उमेदवाराला मुलाखतही त्या भाषेत देता येते. मंडळाच्या मदतीला दुभाषा असतो. असे असूनही अनेक जण मोडक्यातोडक्या इंग्रजीचा आग्रह धरतात, कारण आपल्या भाषेत बोललो तर आपण कमी प्रतीचे दिसू, अशी भीती त्यांच्या मनात घर करून असते. ज्या भाषेत आपण विचार करतो, विनोद करतो, रागावतो, त्या भाषेत माणूस सर्वांत स्पष्ट बोलतो, आणि स्पष्ट मांडणी हाच तर चाचणीचा एक निकष आहे. इंग्रजीवर सहज प्रभुत्व असेल त्याने इंग्रजी अवश्य निवडावी. लाजेपोटी निवडू नये.

दुभाषामार्फत बोलण्याचे काही नियम मात्र शिकून घेतले पाहिजेत. वाक्ये आखूड असावीत. एक मुद्दा झाला की थांबावे, त्याचा अनुवाद होऊ द्यावा, मग पुढचा घ्यावा. म्हणी आणि श्लेष टाळावेत, कारण भाषांतरात त्यांचा चोथा होतो. प्रशासनातील जे शब्द सर्वत्र इंग्रजीतच रूढ आहेत ते तसेच वापरावेत. ‘बजेट’ म्हटल्याने मातृभाषेचा अपमान होत नाही. प्रश्न इंग्रजीतून आला आणि कळला, तरी दुभाषाचे वाक्य पुरे होईपर्यंतचे ते काही क्षण विचार करायला मिळतात, हा एक छोटासा लाभही आहे. आणि दुभाषाने आपला आशय चुकीचा पोहोचवला असे लक्षात आले तर तेथेच, नम्रपणे, तो दुरुस्त करावा.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळले पाहिजे. अर्ध्या तासात पाच माणसांना परक्या माणसाची पारख कितपत करता येते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक ह्यांनी १९२० मध्ये एक निरीक्षण नोंदवले होते: वरिष्ठ अधिकारी कनिष्ठांच्या निरनिराळ्या गुणांचे स्वतंत्र मोजमाप करतात असे म्हणतात, परंतु प्रत्यक्षात एका गुणाची छाप उरलेल्या सर्वांवर पडते. उंच, देखणा, अस्खलित बोलणारा तरुण हुशार आणि प्रामाणिकही वाटू लागतो. पुढील संशोधनातून असेही दिसले, की सर्व उमेदवारांना ठरावीक तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला स्वतंत्र गुण दिले तर निवड अधिक भरवशाची होते. मुक्त गप्पांतून झालेली पारख त्या मानाने कच्ची असते. आयोगाची मुलाखत ही तर बरीचशी मुक्त संभाषणाच्या बाजूला झुकलेली. एकाऐवजी पाच परीक्षक, मंडळाची ऐनवेळी वाटणी आणि लेखी गुणांविषयी अज्ञान हे ह्या दोषावरचे उपाय आहेत. ते दोष कमी करतात, नाहीसा करीत नाहीत.

ह्यासाठीच मुलाखतीच्या गुणांना मर्यादा हवी, असे न्यायालयांना वाटले. श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात असल्याची तक्रार होती. १९८० मध्ये अजय हासिया खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवेशांत तोंडी चाचणीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल असे सांगितले. पुढच्याच वर्षी लीला धर खटल्यात न्यायालयाने दुसरी बाजूही दाखविली: महाविद्यालयातील प्रवेश वेगळा आणि परिपक्व व्यक्तींची न्यायिक सेवेसाठी निवड वेगळी, तेथे २५ टक्के गुण गैर म्हणता येणार नाहीत. १९८५ मध्ये अशोककुमार यादव खटल्यात हरियाणातील निवड तपासताना न्यायालयाने केंद्रीय आयोगाचे प्रमाण, म्हणजे त्या काळचे १२.२ टक्के, हे नमुना म्हणून पुढे ठेवले. तेथे तेराशेहून अधिक उमेदवार मुलाखतीला बोलावले गेले होते. जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट उमेदवार बोलवावेत, असेही न्यायालयाने सुचविले. इतकी माणसे पाहताना शेवटच्या उमेदवाराच्या वेळी पहिला कोणाला आठवणार, हा साधा व्यवहार त्यामागे होता. पुढे केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या ‘क’ गटातील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंदच केली. कनिष्ठ पदांच्या मुलाखतीत वशिला आणि लाच ह्यांना वाव मिळतो, ही त्यामागची भूमिका होती.

उमेदवाराने हा इतिहास जाणून काय करायचे? मला वाटते, दोन गोष्टी त्याच्या ध्यानात येतील. एक म्हणजे, मुलाखतीला फक्त साडेतेरा टक्के वजन आहे ते तिच्या उणिवांची जाणीव असलेल्या लोकांनी जाणूनबुजून ठरविले आहे. लेखी परीक्षेतील कच्चेपणा मुलाखतीने भरून काढण्याची आशा धरू नये. दुसरे म्हणजे, मुलाखतीत कमी गुण पडले तर तो आपल्या व्यक्तिमत्त्वावरचा निवाडा मानू नये. एकाच उमेदवाराला एका वर्षी कमी आणि पुढच्या वर्षी पुष्कळ अधिक गुण मिळाल्याची उदाहरणे नेहमीच आढळतात. वर्षभरात माणूस एवढा बदलत नाही. मंडळ, दिवस आणि संभाषणाचा ओघ बदलतो.

बँका, कारखाने, खाजगी कंपन्या ह्यांच्या मुलाखती निराळ्या वळणाच्या असतात. तेथे मेजापलीकडे बसलेल्या माणसाला एक विशिष्ट काम करणारा माणूस हवा असतो, म्हणून तो पूर्वी केलेल्या कामाविषयी अधिक खोदून विचारतो. अडचण काय होती, तुम्ही स्वतः काय केलेत, परिणाम काय झाला, असा त्याचा क्रम असतो. ‘आम्ही केले’ असे सांगणाऱ्याला ‘त्यातले तुम्ही काय केलेत?’ असे विचारले जाते, आणि येथे खोटेपणा फार लवकर उघडा पडतो. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असा प्रश्न येतो. कामाचे स्वरूप, वरिष्ठ कोण, पहिल्या सहा महिन्यांत काय अपेक्षित आहे, हे अवश्य विचारावे. पगाराविषयी विचारण्यातही संकोच नको. मात्र त्याच प्रश्नाने सुरुवात करू नये.

धोलपूर हाऊसमध्ये अशी संधी सहसा मिळत नाही. अध्यक्ष आभार मानतात, उमेदवार उठतो, नमस्कार करून बाहेर पडतो, आणि दाराबाहेर आल्यावर त्याला राहून गेलेली सगळी उत्तरे आठवू लागतात. निकाल काही आठवड्यांनी लागतो. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही ज्यांची नावे अंतिम यादीत येत नाहीत, त्यांची संख्या निवड झालेल्यांपेक्षा कमी नसते. २०१८ पासून आयोगाने अशा उमेदवारांसाठी एक योजना चालविली आहे. उमेदवाराची संमती असेल तर त्याची माहिती इतर नोकरीदात्यांना उपलब्ध करून दिली जाते, आणि ते त्याला कामासाठी बोलावू शकतात. ही संमती अर्जातच द्यावयाची असते. निवड नक्की होणार अशा उमेदीत भरलेल्या अर्जातील तो रकाना अनेकांच्या नजरेतून निसटतो.